न्यू जर्सी : तिसरीतील मुलाची वाचनाची अडचण, एडीएचडी आणि शाळेची उत्तरे – मदत हवी आहे

सर्वांना नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत राहतो. आमचा मुलगा आठ वर्षांचा असून सार्वजनिक शाळेत तिसरीत शिकतो. बालरोगतज्ज्ञांनी आमच्याकडून आणि वर्गशिक्षिकेकडून मुलाच्या वागण्याविषयीची व्हँडरबिल्ट प्रश्नावली भरून घेतली आणि त्याला एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणे आणि स्वतःला आवरणे अवघड जाण्याची अवस्था, असल्याचे निदान केले. चंचलता फारशी नाही, पण लक्ष टिकत नाही, असा तो प्रकार आहे. वाचनाची अडचण त्याहून वेगळी आणि माझ्या मते अधिक गंभीर आहे. तिचे मूल्यमापन शाळेने अद्याप केलेले नाही.

ती अडचण कशी दिसते ते सांगते. शब्दाचे पहिले अक्षर पाहून तो उरलेला शब्द अंदाजाने म्हणतो. त्यामुळे ‘हाउस’चे ‘हॉर्स’ होते, आणि पुढचे वाक्य जुळेनासे झाले की तो चित्र पाहून स्वतःच गोष्ट रचू लागतो. तोंडी घातलेले गणित तो चटकन सोडवतो, पण तेच गणित चार ओळींच्या मजकुरात आले की कागद कोरा राहतो. रविवारच्या मराठी शाळेतही हेच घडते. वेलांट्या आणि मात्रा गळतात, जोडाक्षरापाशी तो अडतो, आणि फळ्यावरचा एकच शब्द उतरवून घेताना पुन्हा पुन्हा मान वर करतो. मराठी त्याला बोलता उत्तम येते. आजीशी तो तासन्‌तास गप्पा मारतो.

दोन्ही लिप्यांत एकाच जातीची अडचण दिसते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण शाळेने दिलेले पहिले उत्तर असे होते की घरी दुसरी भाषा बोलली जाते म्हणून वाचन मागे पडले आहे, तेव्हा घरी इंग्रजी वाढवावे. मुलगा इथेच जन्मला आणि बालवाडीपासून इंग्रजीतच शिकला. दोन भाषा बोलल्याने डिस्लेक्सिया, म्हणजे शब्द वाचण्या-लिहिण्यातली मुळातली अडचण, होत नाही, आणि त्यातली एक सोडल्याने तो बराही होत नाही. दुसरे उत्तर अधिक गोड होते : तो शांत आहे, नम्र आहे, गणितात चांगला आहे, काळजीचे कारण नाही. भारतीय मूल म्हणजे अभ्यासात पुढे, ही समजूत इथे इतकी पक्की आहे की त्या मुलाला खरोखर काही येत नसले तरी ते कोणाच्या नजरेस पडत नाही. सव्वादोन लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०२१ मध्ये ‘जामा नेटवर्क ओपन’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. त्यानुसार एडीएचडीचे निदान होण्याची शक्यता आशियाई मुलांमध्ये श्वेतवर्णीय मुलांच्या जवळपास निम्मीच आढळली.

त्याच वर्गात माझ्या मुलाचा जिवलग मित्र आहे. तो कृष्णवर्णीय आहे, आणि त्याच्याविषयी मी त्याच्या आईच्या संमतीने लिहीत आहे. त्यालाही लक्ष टिकवणे जमत नाही; खाली पडलेली पेन्सिल घ्यायला तो उठतो आणि वाटेत सगळ्यांशी बोलून मगच जागेवर येतो. माझ्या मुलाने सूचना ऐकली नाही तर ‘लक्ष नव्हते’ असा शेरा येतो. मित्राने ऐकली नाही तर ‘मुद्दाम अवज्ञा केली’ असा शेरा येतो, मुख्याध्यापकांकडे पाठवणी होते, आणि यंदा तर त्याला निलंबित करून घरीही बसवले गेले. दोघांच्या शेऱ्यांचे कागद आम्ही दोघींनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवून वाचले. वागणे बहुतेक ठिकाणी एकच होते, शब्द तेवढे निराळे होते. अमेरिकी शिक्षण खात्याच्या २०१७-१८ च्या आकडेवारीत कृष्णवर्णीय विद्यार्थी एकूण पटाच्या सुमारे १५ टक्के होते, पण शाळेतून निलंबित झालेल्यांत ते सुमारे ३८ टक्के होते. ज्या मुलांना शिक्षा अधिक होते त्यांना निदान मात्र कमी मिळते : ‘पीडिॲट्रिक्स’मधील २०१३ च्या एका अभ्यासात, वागणूक आणि घरची परिस्थिती हिशेबात धरूनही, आठवीपर्यंत एडीएचडीचे निदान होण्याची शक्यता कृष्णवर्णीय मुलांमध्ये श्वेतवर्णीय मुलांपेक्षा ६९ टक्क्यांनी कमी आढळली होती. हे वाचल्यापासून मला केवळ स्वतःच्या मुलापुरते बोलणे योग्य वाटत नाही.

कायद्याचे मी जे वाचले आहे ते थोडक्यात लिहिते, म्हणजे उत्तरे देणाऱ्यांना मूळापासून सांगावे लागणार नाही. आयडिया या विशेष शिक्षणाच्या केंद्रीय कायद्यानुसार चाचण्या वांशिक किंवा सांस्कृतिक भेदभाव होणार नाही अशा निवडाव्या लागतात, आणि मूल वरच्या वर्गात जात आहे एवढ्या कारणावरून त्याला मदत नाकारता येत नाही. आमच्या राज्यात लेखी विनंती केल्यापासून २० दिवसांत चाइल्ड स्टडी टीमने, म्हणजे मुलाचे मूल्यमापन करणाऱ्या शाळेच्या तज्ज्ञांच्या गटाने, बैठक घ्यायची असते, आणि पालकांच्या संमतीपासून ९० दिवसांत मूल्यमापन पुरे करून, मूल पात्र ठरल्यास आयईपी, म्हणजे त्या मुलासाठी आखलेला विशेष शिक्षणाचा लेखी आराखडा, लागू करायचा असतो. आम्हाला शाळेने ‘आधी वाचन-गटात बसू द्या, मग पाहू’ असे सांगितले. पण असा गट हे मूल्यमापन लांबवण्याचे कारण होऊ शकत नाही, हे केंद्रीय शिक्षण खात्याने २०११ मध्येच स्पष्ट केले आहे. म्हणून आम्ही लेखी विनंती दिली, आणि बैठक पुढच्या आठवड्यात आहे.

आता प्रश्न. मूल्यमापन कोणत्या भाषेत मागावे? त्याची शिकण्याची भाषा इंग्रजी आहे, पण केवळ इंग्रजी चाचणी घेतली तर कमी गुणांचे खापर पुन्हा घरच्या मराठीवर फुटेल अशी भीती वाटते. मराठी शाळेतील त्याच्या वह्या पुरावा म्हणून पुढे ठेवल्याचा कोणाला अनुभव आहे का? पुण्यातील नातेवाईक सुचवतात की उन्हाळ्याच्या सुट्टीत तिकडेच तपासणी करून घ्यावी. महाराष्ट्रात अध्ययन अक्षमतेची प्रमाणपत्रे आणि दहावीच्या परीक्षेतील सवलती १९९० च्या दशकापासून आहेत, त्यामुळे तिथल्या तज्ज्ञांच्या अनुभवाविषयी मला शंका नाही. प्रश्न एवढाच की बाहेरचा अहवाल शाळेला विचारात घ्यावा लागत असला तरी मान्य करावाच लागतो असे नाही. भारतातील अहवालाला इथे प्रत्यक्षात किती वजन मिळाले, हे कोणी सांगू शकेल का?

बैठकीत बहुधा ५०४ योजना, म्हणजे नेहमीच्या वर्गात सवलती देणारी लेखी योजना, पुढे केली जाईल : परीक्षेला जास्त वेळ, पुढच्या बाकावर जागा, सूचना पुन्हा सांगणे. एडीएचडीसाठी हे उपयोगी आहे. पण ज्याला वाचता येत नाही त्याला नुसता जास्त वेळ देऊन काय होणार? त्याला ध्वनी आणि अक्षरे यांची पायरीपायरीने, रोज शिकवण हवी आहे, आणि ती आयईपीमधूनच मिळेल असे मला वाटते. आठवड्याला किती मिनिटे, किती मुलांच्या गटात, कोणते प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकाकडून, हे ज्यांनी लेखी मिळवले आहे त्यांनी ती वाक्ये नेमकी कशी लिहून घेतली, ते कृपया सांगावे.

सर्वांत अवघड प्रश्न वर्णाचा आहे. शिक्षिका मनाने चांगल्या आहेत. त्यांना आरोप वाटू नये, पण गोष्ट झाकलीही जाऊ नये, अशा रीतीने हा विषय बैठकीत कसा मांडावा? की तो तिथे न मांडता केवळ लेखी शेऱ्यांवर बोलावे? मित्राच्या आईचे म्हणणे असे की मी मांडले तर ते ऐकले जाईल, तिने मांडले तर तिलाच रागीट ठरवतील. यावर मला उत्तर सुचलेले नाही. तिच्या मुलाचे निदान झालेले नाही, पण पालकाने शिक्षकांना किंवा प्रशासनाला आधी लेखी कळवले असेल की मुलाला विशेष शिक्षणाची गरज भासते, तर पुढे शिस्तभंगाची कारवाई झाल्यास कायद्याचे संरक्षण त्यालाही मागता येते, असे मी वाचले आहे. तसे पत्र आम्ही दोघी मिळून तयार करत आहोत. कोणी असे पत्र दिले असल्यास त्यातील मजकूर, अर्थातच नावे काढून, इथे द्यावा. राज्यातील पालक-प्रशिक्षण केंद्राची, म्हणजे स्पॅनची, मदत घेतलेल्यांनी तिथून बैठकीला सोबत कोणी आले का, तेही लिहावे.

उत्तर देताना आपले राज्य आणि मुलाची इयत्ता कृपया नमूद करावी, कारण मुदती राज्यागणिक बदलतात. सगळ्या प्रश्नांना वेळ देणे शक्य नसेल तर मूल्यमापनाच्या भाषेविषयी आणि त्या पत्राविषयी आधी लिहावे; बैठकीपूर्वी ही दोनच कामे मला हातावेगळी करायची आहेत.