स्वच्छतेचे नाटक मुलांना आवडते, पण हात धुण्याची सवय लागत नाही. प्रयोग कसा बांधावा?

प्रश्न – प्राथमिक शिक्षिका, कागल तालुका

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी-चौथीच्या वर्गांना शिकवते. गेल्या वर्षी ऐन गळीत हंगामात एका कलापथकाने आमच्या शाळेच्या पटांगणात आरोग्यावर चाळीस मिनिटांचा प्रयोग केला. त्यात एक मळकट मुलगा दाखवला होता. तो नखे कापत नाही, हात न धुता जेवतो आणि शेवटी पोट धरून जमिनीवर गडबडा लोळतो. मुले खूप हसली आणि टाळ्याही भरपूर पडल्या.

दुसऱ्या दिवशी खिचडी वाढताना मी मुद्दाम नळापाशी उभी राहिले, तेव्हा साबणाला हात लावणारी मुले पूर्वीइतकीच होती. त्याहून वाईट म्हणजे, माझ्या वर्गातल्या एका ऊसतोड मजुराच्या मुलाला बाकीची मुले त्या पात्राच्या नावाने हाका मारू लागली. तो फडाजवळच्या कोपीत राहतो. आईवडील पहाटे अंधारातच तोडीला जातात आणि घरात पाण्याची एखादी घागर असली तरी ती स्वयंपाकासाठी राखून ठेवलेली असते. त्यानंतर चार दिवस तो शाळेत फिरकला नाही.

यंदा १५ ऑक्टोबरच्या हात धुवा दिनाला बाहेरचे पथक न बोलावता मुलांनीच काही करावे असा माझा विचार आहे. कोणाचीही मान खाली जाणार नाही आणि हात धुणे त्या एका दिवसापुरते उरणार नाही, असा प्रयोग कसा बांधावा? पहिली ते सातवीची मुले समोर असतील आणि खर्चाला पैसे जवळपास नाहीत.

प्रतिसाद – सोंगी भजन मंडळातील कलाकार, राधानगरी तालुका

बाई, आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या मळकट मुलाच्या पात्रातच आहे. समोर बसलेल्यांपैकी सर्वांत दुबळा जो असेल, त्याच्यावर हसू येईल असे सोंग मुलांपुढे कधीही आणू नये, कारण प्रयोग संपला तरी ते सोंग गावात कोणाच्या तरी अंगाला चिकटून राहते. भारुडात आणि सोंगी भजनात सोंग घेणारा दोष आपल्याच अंगावर घेतो आणि मग लोकांशी बोलतो. ती रीत येथे उपयोगी पडेल. चूक करणारे पात्र मोठे माणूस असावे, शक्यतो गुरुजी किंवा आपण स्वतः. गुरुजी बांधावरून आले, चिखलाच्या हातांनी भाकरी मोडायला बसले, आणि मुलांनी ओरडून त्यांना थांबवले, की सांगण्याचा अधिकार मुलांकडे जातो. एरवी दिवसभर त्यांना फक्त ऐकून घ्यावे लागते, म्हणून ती हा अधिकार फार मन लावून वापरतात.

गाडगेबाबांच्या कीर्तनाची घडणही हीच होती. दिवसा ते हातात खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात समोरच्यांना एकामागून एक प्रश्न विचारून उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घ्यायचे. आपणही प्रत्येक चुकीपाशी थांबावे, 'आता काय करायचे?' असे विचारावे आणि जो सांगेल त्याला पुढे बोलावून तेथून प्रसंग त्याच्याकडून करून घ्यावा. एका शाळेत गुरुजींनी हात धुऊन नळ बंद केला, तेव्हा चौथीतली एक मुलगी उठून म्हणाली, 'मळका हात लावून उघडलेली तोटी तुम्ही परत धरली.' आमच्या लिहिलेल्या संवादात हे नव्हते. त्या दिवसापासून तोटीवर साबणाचे पाणी टाकणे आमच्या प्रयोगात कायमचे आले.

जंतू दाखवायला गुलाल वापरण्याचा मोह होतो, कारण तो एका हातावरून दुसऱ्या हातावर लगेच जातो आणि लांबूनही दिसतो. पण आपल्याकडे गुलाल हा जोतिबाचा. तो रोगाच्या जागी ठेवलेला घरातल्या म्हाताऱ्या माणसांना खुपतो, आणि ते मला रास्तच वाटते. आम्ही तव्याच्या बुडाची काजळी गोड्या तेलात कालवून घेतो.

प्रतिसाद – आरोग्य सेविका, शिरोळ तालुका

काजळी आणि तेलाची युक्ती शास्त्रालाही धरून आहे, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहिते. दोन मुलांच्या तळव्यांना ती फासावी आणि एकाला नुसत्या पाण्याने, दुसऱ्याला साबणाने हात धुऊ द्यावेत. पाणी तेलावरून ओघळून जाते आणि काळे डाग राहतात. साबणाच्या कणाचे एक टोक तेलाला व दुसरे पाण्याला धरते, त्यामुळे चोळल्यावर मळ सुटून वाहून जातो. त्यानंतर हात पालथे करून उजेडात धरावेत आणि बोटांच्या बेचक्या, अंगठ्याचे मूळ आणि नखांच्या कडा मुलांनीच एकमेकांच्या तपासाव्यात. काळे नेमके तेथेच उरलेले सापडते आणि वीस सेकंद का चोळायचे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

मात्र ताटलीतल्या पाण्यावर मिरपूड टाकून साबणाचे बोट बुडवण्याचा जो प्रयोग बऱ्याच ठिकाणी दाखवतात, तो कृपया टाळावा. मिरपूड कडेला पळते ती पाण्याचा पृष्ठताण बदलल्यामुळे. मुलांची समजूत मात्र अशी होते की साबणाला जंतू घाबरतात आणि नुसते बोट लावले तरी पुरते.

आणखी एक विनंती आहे. एका प्रयोगात एकच विषय घ्यावा. जंताच्या गोळीचा दिवस जवळ आला की त्यावर वेगळा छोटा प्रसंग करता येतो. ४०० मिलिग्रॅमची अल्बेंडाझोलची गोळी शाळेतल्या मुलांनी गिळायची नसून चावून खायची असते, हे अभिनयाने चांगले कळते. आमच्याकडे २०१९ च्या महापुरानंतर पाण्यात औषध टाकून अर्धा तास थांबा, हे घरोघर सांगावे लागले होते, त्याचाही प्रसंग होऊ शकेल. पण हे सगळे एकाच दिवशी कोंबले, तर संध्याकाळी घरी जाऊन मूल काय सांगणार?

प्रतिसाद – निवृत्त मुख्याध्यापक, करवीर तालुका

दिनांकाचा विचार करावा. १५ ऑक्टोबरला ऊसतोडीच्या टोळ्या बहुधा आलेल्याच नसतात, म्हणजे ज्या मुलासाठी आपला जीव तुटतो, तो आपल्या प्रयोगाला नसेलच. तोच प्रयोग डिसेंबरात पुन्हा करावा आणि त्यात एक तांब्याभर पाण्यात हात कसे धुवायचे हा प्रसंग अवश्य असावा. प्लास्टिकच्या बाटलीच्या झाकणाला दाभणाने भोक पाडून ती उलटी टांगली की बारीक धार पडते आणि थोडक्या पाण्यात चार-पाच मुलांचे हात निघतात. नळ असलेल्या घरांपुरती स्वच्छता शिकवली, तर नळ नसलेल्याला ती शिक्षा वाटते.

साबण नळापाशी रोज असेल याची व्यवस्था प्रयोगाच्या आधी झाली पाहिजे. उघड्यावर ठेवलेली वडी कावळे नेतात. जुन्या मोज्यात घालून तो नळाला बांधावा.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. बांधावरून येणाऱ्या गुरुजींची भूमिका मी स्वतः करणार आहे आणि मुलांना संवाद लिहून देणार नाही. काजळीचा प्रयोग काल शाळेत करून पाहिला. सातवीच्या मुलांच्याही अंगठ्याच्या मुळाशी काळे राहिले होते आणि ती न सांगता पुन्हा नळाकडे गेली. डिसेंबरचा प्रयोग ठरवला आहे. तो मुलगा या हंगामात परत आला, तर बाटली धरून सगळ्यांच्या हातांवर पाणी सोडण्याचे काम त्याला द्यावे असे आधी मनात होते. पण तसे केले तर पुन्हा सगळ्यांच्या नजरा त्याच्यावरच जातील, म्हणून हजेरीच्या क्रमाने रोज दोघांची पाळी लावणार आहे.