टीव्हीचं ऑप्टिकल आउटपुट आणि जुना स्टिरिओ ॲम्प: डॅक लावूनही सिनेमाला आवाज नाही

जुना_ॲम्प:
टीव्हीला हेडफोनचं सॉकेट नाही, फक्त ऑप्टिकल आणि एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलमधून बाहेर देणारी सोय). ॲम्पला लाल-पांढरे आरसीए इनपुट आहेत: टेप, ऑक्स, फोनो. मध्ये ऑप्टिकल-टू-आरसीए डॅकची (डिजिटलचं ॲनालॉग करणारी) छोटी डबी लावली आणि तिला वीज टीव्हीच्याच यूएसबीतून दिली. यूट्यूब छान वाजतं. ओटीटीवर काही सिनेमे लावले की मात्र आवाज गायब, कधी नुसती मोठी खरखर. शिवाय शांत प्रसंगात मागे बारीक 'चीं' ऐकू येतं. डबी बदलावी का? आणि ती आत नेमकं करते काय?

पीसीएमवाला:
डबी बदलू नका. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये 'डिजिटल आउटपुट फॉरमॅट' शोधा. तिथे 'ऑटो', 'बिटस्ट्रीम' किंवा 'डॉल्बी' असं काही असेल, ते 'पीसीएम' (न दाबलेला साधा डिजिटल आवाज) करा.

ऑप्टिकल केबलमधला लाल प्रकाश सतत लुकलुकत आकडे पाठवत असतो. टीव्हीच्या आवाजासाठी साधारणपणे डाव्या-उजव्या प्रत्येक चॅनेलचे सेकंदाला 48,000 आकडे (सीडीचे 44,100). 16 बिट असतील तर प्रत्येक आकडा 65,536 पायऱ्यांपैकी एक, म्हणजे त्या क्षणी व्होल्टेज किती हवं ते. घड्याळाची वेगळी तार नसते. लुकलुकण्याच्या तालावरूनच डबीतला रिसीव्हर वेळ पकडतो. मग डॅक चिप त्या आकड्यांचं व्होल्टेज करते आणि पुढचा फिल्टर पायऱ्या गुळगुळीत करतो.

हे सगळं पीसीएमचं झालं. 5.1 डॉल्बी (सहा चॅनेलचा सराउंड आवाज) त्याच केबलमधून येतं, पण त्यातले आकडे म्हणजे व्होल्टेज नव्हे, दाबून बांधलेली पाकिटं असतात. ती उघडायला वेगळा डीकोडर लागतो, तो स्वस्त डबीत बहुधा नसतो. 'हे पीसीएम नाही' अशी खूण प्रवाहातच असते. ती वाचून रिसीव्हर गप्प बसला तर शांतता. न वाचता पाकिटालाच व्होल्टेज समजला तर खरखर. यूट्यूबवर बहुतेक सगळं स्टिरिओ, म्हणून तिथे अडचण आली नाही. पीसीएम केलंत की डीकोडिंग टीव्हीच करेल आणि 5.1 चं स्टिरिओ करून पाठवेल.

गुणगुण_नको:
'चीं' यूएसबीमुळे येत असणार. ऑप्टिकलचा मोठा फायदा हा की टीव्ही आणि ॲम्प यांच्यात तांब्याचा संबंध राहत नाही. डबीला टीव्हीच्या यूएसबीतून वीज दिलीत की ग्राउंड पुन्हा जोडला गेला आणि टीव्हीच्या सप्लायचा कचरा थेट ॲम्पमध्ये. खात्री करायची असेल तर डबी पॉवर बँकवर चालवून बघा. 'चीं' गेली तर 5 व्होल्ट 1 अँपिअरचा चांगला मोबाइल चार्जर कायमचा लावा. तरीही राहिली तर आरसीए केबल आणि ॲम्पकडे बघा.

ऑप्टिकल केबलच्या टोकावरची पारदर्शक प्लास्टिकची टोपी काढली आहे ना, तेही बघा. आणि केबल कपाटामागे काटकोनात दाबू नका, आतला धागा दुमडला की आवाज तुटायला लागतो.

जुना_ॲम्प:
पीसीएम केलं, सिनेमे वाजू लागले! पॉवर बँकवर 'चीं'ही नाही. धन्यवाद. ॲम्पला टेप की ऑक्स? आणि टीव्हीच्या रिमोटने आवाज कमी-जास्त होत नाही.

पीसीएमवाला:
टेप किंवा ऑक्स, दोन्ही चालतील. फोनोला अजिबात नको: ते इनपुट रेकॉर्ड प्लेअरच्या काही मिलिव्होल्टसाठी असतं, डबी देते 1 ते 2 व्होल्ट. आवाज फाटेल आणि बासही वेडावाकडा होईल. ऑप्टिकलचा आवाज बहुतेक टीव्हींत ठरलेल्या पातळीवरच बाहेर पडतो, म्हणून रिमोटचा उपयोग होत नाही. कमी-जास्त ॲम्पवरच करा.

गुणगुण_नको:
रिमोट हवाच असेल तर एचडीएमआय एआरसी आणि सीईसी (रिमोटचे आदेश एचडीएमआयमधून पोचवणारी सोय) दोन्ही चालणारा डॅक घ्या. पेटीवर 'एआरसी' लिहिलेलं असलंच पाहिजे. साधा एचडीएमआय ऑडिओ एक्स्ट्रॅक्टर टीव्हीकडे जाणाऱ्या सिग्नलमधून आवाज काढतो. एआरसीचा आवाज उलट दिशेने, टीव्हीतून बाहेर येतो, तो त्याला मिळत नाही. आवाजाच्या दर्जासाठी म्हणून बदलू नका, पीसीएम स्टिरिओ दोन्हीकडून सारखाच येतो.