हक्कसोडपत्र, बहीण आणि न संपणारी दरखास्त

मिरजेची लेक: काल येथे एका गृहस्थांनी लिहिले की वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हिस्सा मानणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या विनीता शर्मा निकालाने घराघरांत भांडणे लावली आणि हक्कसोडपत्रावर सही न करणाऱ्या बहिणींना माहेर नकोच असते. हे वाचून गप्प बसवले नाही. ११ ऑगस्ट २०२० च्या त्या निकालाने नवा हक्क दिलेला नाही. मुलगी जन्मानेच सहदायक, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेची हिस्सेदार आहे आणि हिंदू उत्तराधिकार कायद्यातील दुरुस्ती लागू झाली त्या ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असणे आवश्यक नाही, एवढेच त्याने स्पष्ट केले. तेराव्याची पंगत उठण्यापूर्वीच हक्कसोडपत्राच्या नोंदणीसाठी दुय्यम निबंधकाकडे कधी जायचे हे ठरवणारे भाऊ मी पाहिले आहेत. ते माझेच होते.

वाळवेकर: ताई, ती पोस्ट माझी आहे आणि मी ती मागे घेणार नाही. वडिलांचे सोसायटीचे कर्ज मी फेडले, नदीवरून पाइपलाइन मी आणली, आईचे दुखणे माझ्या बायकोने काढले. महाराष्ट्राच्या १९९४ च्या दुरुस्तीने आधी लग्न झालेल्या मुलींना वगळले होते, त्यामागे काही विचार होता.

तासगावचा वकील: आपण दोघेही हुकूमनाम्यापाशीच, म्हणजे हिस्सा ठरवणाऱ्या निकालापाशीच भांडत आहात. सारा लावलेल्या शेतजमिनीचे प्रत्यक्ष वाटप न्यायालय करत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे ते जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते, तेथून तहसीलदार, मग मोजणी, मग हरकती. दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, सहा महिन्यांत निकाली काढावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्येच सांगितले आहे. माझ्या कपाटातील फायलींना ते अद्याप कोणी कळवलेले दिसत नाही.

निवृत्त नाझर, सातारा: वकीलसाहेब, त्या फायलींत हरकतीचे अर्ज कोणी टाइप करून दिले, हेही सांगा. माझ्या आत्याने वाटपाचा दावा जिंकला, दरखास्त लावली आणि ती चालू असतानाच आत्या वारली. तिचे वारस दाखल करून घेण्यात तीन वर्षे गेली, कारण समोरचे वकील दर तारखेला मुदत मागत होते.

तासगावचा वकील: आणि आपल्या नाझर कचेरीतून बजावल्या जाणाऱ्या नोटिशीवर ‘पत्त्यावर मिळून आले नाहीत’ हा शेरा कोण मारत होते? माणूस मात्र त्याच दिवशी चावडीसमोर चहा पीत बसलेला असे. सगळे खापर काळ्या कोटावर फोडू नका. निदान १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाल्याने सांगली-साताऱ्याच्या पक्षकाराची मुंबईची खेप तरी वाचली.

निवृत्त नाझर, सातारा: वाचली ना! म्हणजे हरलेल्यास अपील करणे जवळ पडले. जिंकलेल्याचा ताबा अजून तेथेच आहे. शेऱ्याबाबत मात्र आपण म्हणता ते सर्वस्वी खोटे नाही, इतके मी मान्य करतो.

मिरजेची लेक: ही सगळी वर्षे जमीन कोणाच्या ताब्यात असते, हे आपण दोघेही सोयीस्कररीत्या विसरलात. ज्याच्या ताब्यात ऊस, त्याला दिरंगाई गोड लागते. माझ्या भावांनी एकही तारीख चुकवली नाही. प्रत्येक तारखेला ते मुदत मागायला हजर असत.

वाळवेकर: माझी बहीण कोर्टात गेलेली नाही, हे लक्षात घ्या. तिचा हिस्सा कायद्याने आहे, हे मला मुकाट्याने मान्य करावेच लागेल, कारण २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदवलेल्या वाटपांना कायदा हात लावत नाही, पण आमचे तसे नोंदवलेले नाही. पण फेडलेल्या कर्जाचा हिशेब वाटपात धरायला नको का?

मिरजेची लेक: अवश्य धरा. त्याच वहीत इतक्या वर्षांची ऊसबिलेही लिहा.

वाळवेकर: लिहितो. पाइपलाइनच्या पावत्याही जोडतो, आणि मग पाहू तुमचे गणित कोणाच्या बाजूने पडते ते.