मदत हवी आहे: कुवेतमधल्या चाचांवर लिहायचंय, पण ते ओळखू येता कामा नयेत

नमस्कार मंडळी. एका दिवाळी अंकासाठी कुवेतमध्ये राहणाऱ्या कोकणातल्या एका चाचांवर लेख लिहितेय. अंक छापून निघतो आणि नंतर नेटवरही चढतो. खरी अडचण तिथे आहे.

चाचा खादिम (घरनोकर) व्हिसावर, म्हणजे २० नंबरच्या अकाम्यावर (राहण्याच्या परवान्यावर) आहेत. कागदोपत्री कफीलच्या, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाच्या, घरचे ड्रायव्हर, प्रत्यक्षात काम दुसरीकडे. असं करणारे पुष्कळ असले तरी ते बेकायदा आहे. सापडलं तर सरळ मायदेशी रवानगी. २०२४ मध्ये २० वरून १८ नंबरवर, म्हणजे खाजगी कंपनीच्या व्हिसावर जायला तिथल्या सरकारने दोनेक महिने मुभा दिली होती. चाचांचं जमलं नाही. का जमलं नाही हाच लेखाचा गाभा, आणि नेमकं तेच लिहिलं तर कफीलला लगेच कळेल कोणाबद्दल चाललंय ते.

नाव बदलून भागत नाही. वाडी, गेल्याचं साल, मुली किती, यातलं काहीही दोन एकत्र आलं की खेड-दापोलीकडचा माणूस चहा पिता पिता नाव सांगेल. १९९० चं मात्र बिनधास्त ठेवणार आहे: इराकी सैन्य घुसलं, बगदादमार्गे बसने अम्मान, तिथून एअर इंडियाचं विमान. लाखाहून जास्त भारतीय तेव्हा परतले, त्यात चाचा कोण शोधणार!

एका मित्राने सुचवलं, तिघांचे अनुभव मिसळून एक माणूस उभा कर. मग ती कथा झाली. सदर अनुभवांचं आहे. कुवेतचं मस्कत करावं तर व्हिसाचे नियमच वेगळे, सगळा लेख खोटा पडतो.

चाचांनी फोनवर "लिही बिनधास्त" म्हटलंय. पण मराठी मजकूर आता कोणीही मोबाइलवर अरबीत वाचू शकतो, हे त्यांच्या गावीही नसावं. अशी परवानगी धरायची का? की पूर्ण मसुदा वाचून दाखवून, धोका समजावून पुन्हा विचारायचं? मला दुसरं पटतं, फक्त ते घाबरून सगळंच नको म्हणतील अशी धास्ती आहे.

ज्यांनी असं लेखन किंवा संपादन केलंय त्यांनी सांगा: बदललेले तपशील वाचकाला कितपत कळवता? आणि लेख फक्त छापील अंकात ठेवा, असं संपादकांकडे कोणी मागितलंय का?

(वरचेही काही तपशील मुद्दाम फिरवलेत. कृपया अंदाज बांधू नका.)

मजकूर गणपतीआधी द्यायचाय.