रोमच्या 'कॉन्सल'ला मराठीत काय म्हणावं?

ठाकुर्लीकर
मराठी विकिपीडियावर प्राचीन ग्रीस-रोमचे लेख फार तुटपुंजे आहेत, म्हणून आम्ही दोघं-तिघं फावल्या वेळात ते लिहायला बसलोय. सध्या रोमन प्रजासत्ताकाचा लेख धूळपाटीवर (कच्च्या मसुद्याच्या पानावर) आहे आणि गाडी 'कॉन्सल'पाशी अडलीय. भाषांतराचं यंत्र बेधडक 'वाणिज्यदूत' देतं. म्हणजे इ.स.पू. ६३ मध्ये सिसेरो रोमचा वाणिज्यदूत होता! वाचणारा थेट बीकेसीत व्हिसाच्या रांगेत जाऊन उभा राहायचा. आमच्यातला एक जण 'महाप्रशासक'वर अडून बसलाय. जाणकारांनी सुचवावं.

गिरगावकर
दोन्ही नकोत. आधी त्या पदाचं काम बघा. एका वेळी दोन कॉन्सल, दोघंही निवडून आलेले, मुदत फक्त एक वर्ष, आणि एकाने घेतलेला निर्णय दुसरा अडवू शकतो. राजा हाकलल्यावर पुन्हा कुणी एकटा डोईजड होऊ नये म्हणून ही व्यवस्था. लढाईत फौजेचं नेतृत्वही त्यांच्याकडेच. रोमन लोक साल सांगायचे तेही 'अमुक आणि तमुक कॉन्सल असताना' असं. 'महाप्रशासक' म्हटलं की एकच एक बडा साहेब डोळ्यांपुढे येतो, म्हणजे नेमकं जे टाळायचं होतं तेच. 'कॉन्सल' ठेवा आणि पहिल्याच वाक्यात सांगून टाका: दरवर्षी निवडले जाणारे दोन सर्वोच्च अधिकारी.

पार्लेकरीण
दादा, कॉन्सल ठीक. पण मग बाकीची पदं, म्हणजे प्रेटर (न्यायदान पाहणारा), क्वेस्टर (खजिना सांभाळणारा), ईडाइल, सेन्सर सगळीच जशीच्या तशी? दोन ओळींत सहा परके शब्द आले की कॉलेजातलं पोर लेख बंद करून मोकळं. ईडाइलकडे रस्ते, बाजार, सार्वजनिक इमारती आणि खेळांचे सोहळे होते. तिथे 'नगरव्यवस्था पाहणारा अधिकारी' लिहिलं तर काय बिघडलं?
आणि 'सेन्सर' वाचून मुंबईच्या माणसाला सिनेमातली कात्रीच आठवणार.

गिरगावकर
सेन्सरचं पटलं, ताई. त्याचं मुख्य काम नागरिकांची मोजदाद आणि मालमत्तेची नोंद, साधारण दर पाच वर्षांनी. सिनेटच्या यादीत कुणाला ठेवायचं, कुणाला वगळायचं हेही तोच ठरवायचा, त्यात माणसाचं वागणंसुद्धा बघितलं जायचं. कात्रीचा अर्थ तिथूनच पुढे आला. तेव्हा शब्द ठेवा, पण जोडीला 'नोंदणी अधिकारी' हवंच.
'सिनेट'ला मात्र हात लावू नका. विद्यापीठात 'अधिसभा' चालतं, पण तिथे बरेच जण निवडून येतात. रोमच्या सिनेटमध्ये बहुतेक जण आधी एखादं पद भूषवून आलेले आणि तहहयात बसलेले.

वसईवाला
सगळंच तिकडून कशाला आणायचं? ग्रीकांना आपल्याकडे शब्द आहेच की, यवन. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात 'अंतियोक नाम योनराजा', म्हणजे अंतियोक नावाचा यवन राजा, आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर धेनुकाकट नावाच्या गावच्या यवनांची दानं कोरलेली आहेत. पेरिप्लस या जुन्या ग्रीक सागरी व्यापाराच्या पुस्तकात आमचं सोपारं आहे, कल्याण आहे. हा सगळा व्यवहार आपल्या दारात झाला आणि आपण 'ग्रीक' लिहीत बसायचं?

पार्लेकरीण
शब्द जुना आहे, पण मधे बखरी आल्या ना! तिथे यवन म्हणजे मुसलमान, आणि आजचा मराठी वाचकही तोच अर्थ लावतो. 'यवनांनी ट्रॉय जिंकलं' लिहून बघा, काय गोंधळ होतो ते. शिवाय कार्ल्याच्या त्या दात्यांची नावं ग्रीक वळणाची नाहीत, त्यामुळे ते नेमके कोण यावरच अभ्यासकांचा वाद आहे. 'भारतीय साधनांतले उल्लेख' असा वेगळा विभाग करा, तिथे यवन शोभेल. तो विभाग तुम्हीच लिहा, सोपारं तुमच्या हाकेच्या अंतरावर आहे.

ठाकुर्लीकर
झकास. वसईवाले, विभाग तुमच्या नावावर टाकला, आता माघार नाही.
जाता जाता या लेखांच्या वर्गाचं (विकिपीडियावरच्या गटाचं) नाव: 'अभिजात प्राचीनता' काढून टाकतोय. ३ ऑक्टोबर २०२४ नंतर 'अभिजात' म्हटलं की लोकांना मराठीचा दर्जाच आठवतो. 'प्राचीन ग्रीस आणि रोम' सुटसुटीत आहे. नावांच्या बाबतीत सिसेरो, सीझर ही रुळलेलीच रूपं. मूळ लॅटिन उच्चार किकेरो, कैसर असे असले तरी मराठीत कैसर म्हणजे जर्मनीचा बादशहा. किकेरोवरून पुनर्निर्देशन देऊन ठेवतो.

गिरगावकर
'डिक्टेटर'ला 'हुकूमशहा' लिहिलं असेल तर तेवढं बदला. ते आणीबाणीपुरतं कायदेशीर पद होतं, जास्तीत जास्त सहा महिन्यांचं. सुल्ला हा सेनानी आणि पुढे सीझर यांनी ती मर्यादा मोडली, ती गोष्ट नंतरची. आधीच हुकूमशहा म्हटलंत तर त्यांनी काय मोडलं हे वाचकाला कळणारच नाही.

ठाकुर्लीकर
बदललं. आता ट्रिब्यून. सामान्य जनांच्या बाजूने उभे राहणारे, सिनेटचा ठरावसुद्धा अडवू शकणारे, आणि ज्यांच्या अंगाला हात लावणं म्हणजे महापाप. सुचवा. 'लोकपाल' सोडून काहीही चालेल.