जुन्या एसीत आर-२२ ऐवजी प्रोपेन भरावा का?

जुना_स्प्लिट
घरात २०११ सालचा दीड टनी स्प्लिट आहे, आर-२२ या थंडावा देणाऱ्या गॅसवर चालणारा. तीन उन्हाळ्यांत तिसऱ्यांदा गॅस गेला. मेकॅनिक म्हणतो, "आर-२२ महाग झालाय, प्रोपेन भरून देतो. प्रेशर जवळपास तेवढंच, ऑइल बदलायला नको, आणि वजनाने निम्म्याहून कमी गॅस लागतो." मला त्याचं पटतंय. आर-२२ कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १८०० पट तापमान वाढवतो, वर ओझोनही खातो. प्रोपेनचा तोच आकडा ५ च्याही आत. गोदरेजने तर २०१२ पासून प्रोपेनचे, म्हणजे आर-२९० चे एसी विकले. मग जुन्या मशीनमध्ये तोच भरला तर काय बिघडलं?

गेजवाला
असहमत. मी एसी दुरुस्तीचं काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.
प्रोपेनचा एसी मुळातच प्रोपेनसाठी बांधतात. गॅस किती भरायचा याला मर्यादा असते, जिथे ठिणगी पडू शकते ते भाग बंदिस्त असतात. तुमचं मशीन आर-२२ चं आहे. तो पेटत नाही, त्यामुळे त्यातले रिले, टर्मिनल, पंख्याची मोटर यांचा तसा विचार कुणी केलेलाच नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने घरातल्या आर-२२ मशीनमध्ये प्रोपेन भरायला कधीच मान्यता दिलेली नाही.
आणि तुमचं मशीन तीनदा गळलंय! गळक्या मशीनमध्ये स्वयंपाकाच्या गॅसचा भाऊबंद भरायचा?

हिशेबनीस
गेजवाला, भीती जरा जास्त वाटते. दहा बाय बाराची, नऊ फूट उंचीची खोली म्हणजे साधारण ३० घनमीटर. ४०० ग्रॅम प्रोपेन सगळाच्या सगळा गळला तरी घनमीटरला १३ ग्रॅम होतो. पेटायला ३८ च्या आसपास लागतात. तिपटीचं अंतर आहे.

गेजवाला
हा हिशेब गॅस खोलीभर सारखा पसरला तर बरोबर. प्रोपेन हवेच्या दीडपट जड असतो. पंखा बंद असताना गळला तर खाली जमिनीलगत साठतो, तिथे तुमची सरासरी चालत नाही. इनडोअर युनिटच्या डब्यात गळला तर त्या डब्याचा हिशेब करा, खोलीचा नाही.
पण मला खरी धास्ती पुढच्या माणसाची आहे. दोन वर्षांनी दुसरा मेकॅनिक येणार, मशीनवरच्या पट्टीवर आर-२२ वाचणार आणि ब्रेझिंगसाठी, म्हणजे पाइपचा जोड वितळवून जोडायला, टॉर्च पेटवून पाइपला लावणार. तो पोरगा कुणाचा तरी मुलगा आहे. त्याला आत काय आहे हे कोण सांगणार?

कोकणकिनारा
गेजवाला यांना +१. रत्नागिरीला आमच्या जुन्या एसीत आर-२२ ऐवजी आर-४०७सी हा दुसरा गॅस भरून घेतला होता. थंडावा जवळपास आर-२२ इतकाच मिळतो. पण त्याला पीओई म्हणजे सिंथेटिक ऑइल लागतं, जुनं मिनरल ऑइल काढावं लागतं. आमच्याकडे आलेल्याने ते काढलंच नाही, पाइपमधली हवा आणि ओल ओढून काढायचा व्हॅक्यूमही पाच मिनिटांत उरकला. दुसऱ्या मोसमात कॉम्प्रेसर जॅम.
शिवाय हा तीन गॅसचं मिश्रण. सिलिंडर उलटा धरून द्रवरूपातच भरायचा, आणि गळला तर त्यातले घटक कमीजास्त वेगाने जातात. खाऱ्या हवेत कॉइल सडतच असते, तिथे "थोडा टॉप-अप मारतो" हे चालत नाही. उरलेला काढून पुन्हा पहिल्यापासून भरा.

जुना_स्प्लिट
मग ऑइल न बदलता चालणारे म्हणतात ते आर-४३८ए, आर-४२२डी? किंवा सरळ आर-४१०ए?

गेजवाला
४१०ए विसरा. त्याचं प्रेशर आर-२२ च्या दीडपटीहून जास्त, जुना कॉम्प्रेसर आणि कॉइल त्यासाठी नाहीत.
४३८ए आणि ४२२डी मिनरल ऑइलवर चालतात, पेटत नाहीत, थंडावा थोडा कमी देतात. पण तुम्ही पर्यावरणासाठी बदलताय ना? मग तापमानवाढीचे तेच आकडे बघा: ४३८ए सुमारे २२६५, ४२२डी सुमारे २७३०. ओझोन वाचतो, उष्णता मात्र आर-२२ पेक्षा वाढते.
माझं मत: नायट्रोजनचं प्रेशर देऊन साबणाच्या पाण्याने आधी लीक शोधा, बुजवा, फिल्टर ड्रायर (गॅसमधली ओल आणि कचरा धरणारा भाग) बदला, नीट व्हॅक्यूम करा आणि आर-२२ च भरा. २०२५ पासून नवीन मशीन त्यावर बनत नाहीत, पण दुरुस्तीसाठी तो अजून मिळतो. फक्त बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्या, सिलिंडरवर आर-२२ आणि आत भलतंच मिश्रण असं मी स्वतः गेजवर पाहिलंय.

हिशेबनीस
इथे मी तुमच्या विरोधात. यांनी तीनदा भरलेला गॅस तीनदा हवेत गेला. दर वेळी किलोभर धरला तर पाच टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइडइतका. चौदा वर्षांच्या कॉइलला आज एक भोक बुजवलं तर उद्या शेजारी दुसरं. त्यात भारतात २०३० नंतर आर-२२ जवळजवळ बंद, दुरुस्तीपुरता थोडासा उरणार. आर-३२ गॅसचा नवीन इन्व्हर्टर एसी घ्या. त्याचा आकडा ६७५, आणि वीजही वाचेल. तोही थोडा पेटता आहे, पण मशीन त्याच्यासाठीच बांधलेलं असतं, हे तर तुमचंच म्हणणं.

कोकणकिनारा
आणि जुन्याचं काय? भंगारवाला गच्चीवरच पाइप कापतो, दोन मिनिटं फुस्स आवाज येतो, संपलं. नवीन घ्या म्हणणारे हे कधी मोजत नाहीत.

हिशेबनीस
मान्य, हे मी मोजलं नव्हतं. रिकव्हरी मशीन असलेला माणूस बोलवून उरलेला गॅस आधी सिलिंडरमध्ये काढून घ्यावा, मग मशीन द्यावं.

जुना_स्प्लिट
प्रोपेनचा नाद सोडला. त्या टॉर्चवाल्या पोराचं वाचल्यावर सोडावाच लागला. शनिवारी नायट्रोजन टेस्ट ठरवली आहे. गळती फ्लेअर नटला, म्हणजे पाइपच्या जोडाच्या नटला, निघाली तर गेजवाला म्हणतात तसं आर-२२. कॉइललाच निघाली तर मशीन काढतो, पण गॅस आधी काढून घेणारा मिळाल्याशिवाय नाही. ठाण्यात तीन ठिकाणी फोन केले, रिकव्हरी मशीन एकाकडेही नव्हतं. कुणाच्या ओळखीत असेल तर सांगा.