शब्द हवा आहे : ‘नाकह्यांग’

मृद्गंध : कोरियाच्या जोसन राजवटीच्या काळावरचा लेख मराठीत करतेय. यांगबान, म्हणजे तिथले खानदानी लोक, राजधानी सोडून गावाकडे कायमचे राहायला जात, ते ‘नाकह्यांग’. शब्दशः ‘गावात पडणे’. मी ‘स्थलांतर’ लिहिलं, संपादकांनी ‘परागंदा होणे’ केलं. पटत नाही.

जुनी_पाटी : परागंदा नकोच. मूळ फारसी, अर्थ विखुरलेला. परागंदा माणसाचा ठावठिकाणा लागत नाही. क्वोन बोल या दरबारी विद्वानाचं पद 1519 च्या गिम्यो छळसत्रात, म्हणजे दरबारातल्या विद्वानांवरच्या कारवाईत, गेलं. तो बोंगह्वाजवळ दाक्सिलला आला आणि 1526 मध्ये कासवासारख्या खडकावर चोंगामजोंग मंडप उभारला, भोवती पाणी खेळवलं. हा परागंदा? ‘गावाची वाट धरणे’ म्हणा.

भीमाकाठ : त्यात ‘पडणे’ कुठे आलं? जोंग याक-योंग या जोसन विद्वानाने दूर दक्षिणेतल्या गांगजिनच्या हद्दपारीतून मुलांना बजावलं होतं की काही झालं तरी सोलच्या आसपासच राहा. राजधानी सुटली की घराणं खाली येतं, ही भीती त्या शब्दात आहे.

शुद्धमती : ‘ग्रामाश्रय’ करा. फारसीकडे धावायची गरज नाही.

जुनी_पाटी : ग्रामाश्रय कोण बोलतं? वाचक अडखळेल.

चिंचबन : पुष्कळ जण स्वतःच्या गावी गेलेच नाहीत, बायकोच्या नाहीतर आईच्या माहेरी गेले. सतराव्या शतकापर्यंत तिथे मुलींनाही जमिनीत मुलांइतका वाटा असे. यांगदोंग गावात सोन सो नावाचा यांगबान सासुरवाडीत स्थिरावला, मग त्याचा जावईही तिथेच राहिला. त्या जावयाचा मुलगा ई ओन-जोक, मोठा विचारवंत, 1491 मध्ये आजोळी जन्मला. मग ‘घरजावई होणे’ काय वाईट?

मृद्गंध : फार बोचरा शब्द आहे. तिथे अशा माणसाला ‘इपह्यांगजो’ म्हणतात, त्या गावातला मूळपुरुष! त्याच्या नावाने पूजा होते.

भीमाकाठ : बोच शब्दात नाही, ऐकणाऱ्याच्या कानात आहे. माझे पणजोबा सासऱ्यांच्या शेतावर येऊन राहिले. गावात आमच्या घराला अजून ‘जावयाचं घर’ म्हणतात, आणि तेही मानाने.

शुद्धमती : तुमच्या गावापुरतं असेल. आमच्याकडे घरजावई म्हटलं की भांडण.

चिंचबन : ‘जावयाचं घर’ सुंदर आहे! हे कुठल्या भागात म्हणतात?